डावीकडे कलणारी पाकळी

टिण्.

दुपारी घर अगदी गप्प झालं होतं. शुभा शाळेत, हे फॅक्टरीत, नळाचं पाणी केव्हाच गेलेलं, शेजारच्या शकुचा रेडिओसुद्धा बंद. आणि त्या शांततेत ओट्यावरच्या काचेच्या ग्लासात उभा ठेवलेला ब्रश आपला आपणच घसरला आणि काचेला लागला. मी खाली फरशीवर पुठ्ठ्यावर कापड ताणत बसले होते. ग्लासापासून चांगली लांब.

बाहेरच्या खोलीत चटईवर पडलेल्या सासूबाईंनी डोळे न उघडताच विचारलं, "इली?"

"कोण?"

"कोण नाय गो. तुजा काम कर तू."

कोण ते मला ठाऊक होतं. तो ब्रश मालनताईचा होता.

मी या घरात दुसरेपणावर आले. मालनताई काविळीनं गेली तेव्हा शुभा नीट चालतही नव्हती. वर्षश्राद्ध झालं आणि माझं लग्न लागलं. मंगळसूत्राच्या आधी माझ्या गळ्यात काळ्या दोऱ्यातला एक चांदीचा टाक पडला. नखाएवढा, त्यावर हात जोडून उभी असलेली बाई. पहिलीच्या नावाचा टाक. दुसरी आली की तिनं तो घालायचा, म्हणजे पहिली राग धरत नाही. नवी साडी आली की आधी टाकाला लावायची, मग नेसायची. बांगड्या भरल्या की आधी हात तिच्यापुढे धरायचा. सासूबाईंचं त्यावर एकच वाक्य असायचं, "आधी तिका, मगे तुका."

मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट सोबतच वाटायची. परक्या घरात पहिल्या पहिल्या दिवसांत माझ्या छातीशी लागून तीच तेवढी होती.

पण मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत जे काही होतं ते आधी तिचंच होतं. ताटांवर, डब्यांवर, पाण्याच्या पिंपावर दुकानदारानं ठोकून कोरलेली अक्षरं: सौ. मालन सी. घाडी. मी भात करायचे त्या टोपावर तिचं नाव, पाणी प्यायचे त्या पेल्यावर तिचं नाव. भांडी घासताना बोट त्या अक्षरांवरून जायचं आणि राख त्यांच्या खाचांत भरून नाव आणखीच ठळक व्हायचं. उशांच्या अभ्र्यांवर तिनं रंगवलेले गुलाब होते. धुऊन धुऊन गुलाबी रंग विटला होता, पण पाकळी न् पाकळी वेगळी दिसायची. मी त्यांवर गाल ठेवून झोपायचे.

आणि शुभा. तीही तिचीच. शुभाला मात्र ते माहीत नव्हतं. "चेडवाक काय एक सांगूचा नाय," असं सासूबाईंनी मी माप ओलांडलं त्याच दिवशी बजावलं होतं आणि ह्यांनी मान हलवली होती. भिंतीवरचा फोटो ट्रंकेत गेला. चाळीतल्या बायकाही शब्द पाळून होत्या. शुभा मला आई म्हणायची. माझ्या मांडीवर पडून टाक चाळवत राहायची आणि कुणी विचारलं तर सांगायची, "ही आईची देवी आहे."

माळ्यावरचं बिस्किटांचं पत्र्याचं डबडं मी दिवाळीच्या साफसफाईत खाली काढलं. आत सुकलेल्या रंगांच्या बाटल्या, सुईनं टोचून नक्षी पाडलेले ट्रेसिंग पेपर आणि रुमालात गुंडाळलेले तीन ब्रश होते. त्या कागदांवरून नीळ आणि घासलेटचा बोळा फिरवून तिनं कापडावर नक्षी उतरवली असणार. इतक्या वर्षांनीही त्यांना घासलेटचा वास येत होता. कुणीतरी आत्ताच हात पुसून उठून गेल्यासारखा.

सासूबाईंनी डबडं बघितलं आणि खाली बसल्या.

"वनमालाबायच्या क्लासात जाय ती. मास्तरणीची परीक्षा देवची होती तिका. मगे कावीळ झाली." थोडा वेळ त्या त्या रुमालाचं टोक चोळत राहिल्या. "तिचा काम अर्धाच रवला."

तेव्हा मी कशी कोण जाणे बोलून गेले, "मी जाऊ क्लासला?"

सासूबाईंना वाटलं मी मालनताईचं काम पुरं करायला जाते आहे. खरी गोष्ट निराळी होती. रंगांच्या कंपनीची ती परीक्षा पास झालं की जाड कागदाचं सर्टिफिकेट मिळायचं, त्यावर शिक्षिकेचं पूर्ण नाव छापल्यासारखं सुरेख अक्षरात लिहिलेलं. शिवाय दाराशी लावायला पत्र्याची पाटी. वनमालाबाईंच्या दारावर मी ती बघितली होती. मला त्या घरात माझं नाव असलेली एक वस्तू हवी होती. एकच. हे मी कुणालाच सांगितलं नाही. टाकालासुद्धा नाही, पण तिला ते कळलं असणार, कारण मी ठरवलं त्या दिवशी भात करपला.

मी नव्या ब्रशची गोष्ट काढली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "नवो कित्याक? तिचे आसत मां. आधी तिच्या ब्रशान कर."

आधी तिका. मीही तेच म्हटलं असतं. तिचे ब्रश डब्यात पडून असताना मी नवे आणले असते तर माझाच हात चालला नसता. म्हणून तिच्याच ब्रशनं सुरुवात केली, आणि मनाशी एक नेम धरला. बसले की ब्रशचा पहिला फटकारा चिंधीवर, मालनताईच्या नावाचा. दुसऱ्यापासून माझे.

वनमालाबाई स्टेशनच्या पलीकडे राहायच्या. त्यांच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर आम्ही आठ-दहा जणी बसायचो. बाई साठीच्या, आवाज खणखणीत, बोलणं एक घाव दोन तुकडे.

"गुलाबाची पाकळी म्हणजे मनगट," त्या सांगायच्या. "ब्रश चपटा. एका कोपऱ्याला गुलाबी, दुसऱ्या कोपऱ्याला पांढरा. टेकवायचा, दाबायचा, घड्याळाच्या काट्यासारखा फिरवायचा आणि उचलायचा. चारच गोष्टी. यात कुणाचं काय चुकतं ते मला कळत नाही, पण चुकतं सगळ्यांचं."

माझं तर फारच चुकायचं. गुलाबी कोपरा नीट उमटायचाच नाही. पाकळी मध्येच फिसकटायची आणि डावीकडे लोळायची.

"काय गं सुगंधा, तुझ्या गुलाबाला वारा लागलाय का? सगळ्या पाकळ्या खिडकीकडे पळतायत!"

सगळ्या हसायच्या. मीही हसायचे. घरी येऊन पुन्हा बसायचे. शुभाला शाळेत सोडून आल्यावर, डाळ शिजेपर्यंत, सासूबाईंचा डोळा लागला की. मिळेल तेवढ्या वेळात पाकळ्या काढायचे. शंभर पाकळ्या काढल्या तरी त्या डावीकडेच. मनगट दुखायला लागायचं, आणि दुखता दुखता असं वाटायचं की माझ्या हातावर आणखी एक हात आहे. हलका. मी उजवीकडे वळवायला गेले की तो डावीकडे ओढतोय.

एका दुपारी मी सरावाचं कापड वाळायला म्हणून पलंगावर टाकलं आणि ते नेमकं उशीच्या शेजारी पडलं. मी बघतच राहिले. अभ्र्यावरचा मालनताईचा गुलाब आणि माझा फिसकटलेला गुलाब. तिच्या पाकळ्या सुरेख, माझ्या गबाळ्या. पण दोन्हींचा कल एकच. तीही प्रत्येक पाकळी डावीकडेच झुकवून गेली होती.

मी सासूबाईंना हाक मारली. त्यांनी दोन्हींवरून बोट फिरवलं आणि कापड पटकन उलटं केलं.

"ती करून घेता तुज्याकडसून," त्या हळूच म्हणाल्या.

त्या दिवशी त्यांनी सुरमईची एक तुकडी वेगळी काढून खिडकीत ठेवली. कावळ्यानं नेली तेव्हा त्यांना जरा बरं वाटलं. मला नाही वाटलं. मला भीती वाटत होती, आणि भीतीच्या आत आणखी काहीतरी होतं. हेवा म्हणू? मी सगळं तिला आधी देत आले होते. हातसुद्धा तिलाच द्यायचा असेल तर मग माझं काय उरलं?

जेवताना सासूबाई एकदम ओरडल्या, "उजव्या हातान जेव गो! कितीदा सांगूचा?"

शुभानं दचकून घास डाव्या हातातून उजव्या हातात घेतला. अर्धा भात सांडला. हे रोजचंच होतं. पाटीवर अक्षर काढताना, केस विंचरताना, खडा फेकताना तिचा डावा हात आधी पुढे यायचा आणि सासूबाईंचा आवाज त्याच्या मागोमाग. मला वाटायचं, जुनी माणसं, डावा हात अशुभ मानतात. त्यापलीकडे मी कधी विचारच केला नव्हता.

पुढच्या आठवड्यात वनमालाबाईंनी माझ्या हातातून ब्रश काढून घेतला. "आण इकडे. हात वाईट नाही तुझा, मग होतंय काय हे?" त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला, झटकला, केस बोटांत दाबून उजेडात धरला.

"हा कुठला ब्रश?"

"घरातलाच आहे, बाई."

"मालनचा." त्यांनी विचारलं नाही, सांगितलंच. "हे बघ. हा कोपरा झिजून गेलाय. रंग धरणार कुठून? चप्पल कशी ज्याच्या त्याच्या पायासारखी झिजते, तसा ब्रश ज्याच्या त्याच्या हातासारखा झिजतो. म्हणून मी सांगते ना, आपला ब्रश दुसरीला द्यायचा नाही, दुसरीचा घ्यायचा नाही. हा डाव्या हाताचा ब्रश आहे, सुगंधा. मालन डावखुरी होती. तुला कुणी सांगितलं नाही?"

चार वर्षं मी त्या घरात होते. तिच्या ताटात जेवले, तिच्या उशीवर झोपले, तिला गळ्यात घालून हिंडले. ती डावखुरी होती हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

रविवारी सकाळी हे दाढी करत बसले होते. सासूबाई मासळी बाजारात. मी ह्यांच्या मागे उभी राहून विचारलं, "मालनताई डावखुरी होती?"

ह्यांचा हात थांबला. "कोण म्हणालं तुला?"

"ब्रश म्हणाला."

ह्यांना हसू आलं नाही. फेसानं भरलेल्या चेहऱ्यानं आरशातल्या स्वतःकडेच बघत म्हणाले, "शेजारी शेजारी जेवायला बसलो की आमची कोपरं लागायची. रोज. मी म्हणायचो, अगं यार, सरक ना जरा. ती म्हणायची, तुम्ही सरका." एवढं बोलून त्यांनी ब्लेड पुन्हा गालाला लावलं. "आई तिला उजव्या हातानं जेवायला लावायची. पण आई बाहेर गेली रे गेली की डावा."

"आणि शुभा?"

"शुभाचं काय?"

"शुभाचा हात."

"ते तू आईला विचार," ते म्हणाले आणि नळ सोडला.

सासूबाईंना मी विचारलं. बाजारातून आणलेले बांगडे त्या साफ करत होत्या. खवल्यांनी भरलेला विळीवरचा हात तसाच ठेवून त्यांनी दाराबाहेर बघून घेतलं. शुभा गॅलरीत सागरगोटे खेळत होती. वर उडवायची उजव्यानं, झेलायची डाव्यानं.

"आवशीचो हात इलोहा तिका," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "हसणा नाय इला, रंग नाय इलो, हातच नेमको इलो. बघणारी माणसा हातावरसून वळखतली. आज ना उद्या कोणतरी बोलतला, मालनचा चेडू. मगे ता तुका आये म्हणात? माका सांग."

मला वाटत होतं त्या शुभाचा हात मोडतायत. त्या तर माझंच आईपण राखत बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी बसून बांगडे धुवायला घेतले.

मग मी नवा ब्रश आणला. टाकाला लावला, पहिला फटकारा चिंधीवर दिला आणि कापडावर टेकवला. टेकव, दाब, फिरव, उचल. पाकळी सरळ उमटली. पुस्तकातल्यासारखी.

"झकास!" वनमालाबाई म्हणाल्या. "आता बस परीक्षेला."

ओट्यावरचा ग्लास त्यानंतर वाजला नाही. दुपारी मी मुद्दाम कान देऊन बसायचे. नळ ठिबकायचा, चिमणी पंख्याच्या वाटीत काड्या ठेवायची, पण ते टिण् काही यायचं नाही. भूत गेलं की माणसाला बरं वाटायला हवं. मला उगाच पोरकं वाटत होतं. अभ्र्यावर डोकं टेकलं की मनात यायचं, ही रुसली. आणि शुभा जेवायला बसली की माझी नजर तिच्या डाव्या हाताकडे जायची. तो तिनं मांडीखाली दाबून ठेवलेला असायचा. ती कुठे गेली नव्हती. इथेच होती, सहा वर्षांच्या मुलीच्या मांडीखाली गुदमरलेली.

परीक्षा घाटकोपरला, एका महिला मंडळाच्या हॉलमध्ये होती. सकाळी नक्षी रंगवायची आणि दुपारी शिकवून दाखवायचं. शिकवण्याला जास्त मार्क. कधीच ब्रश न धरलेलं माणूस ज्याचं त्यानं बरोबर न्यायचं आणि कंपनीच्या बाईंसमोर त्याला एक पाकळी शिकवायची. मी शकुला सांगून ठेवलं होतं. तीही दोन दिवस आरशासमोर ब्रश धरल्यासारखं करून मला हसवत होती. "मला पाकळी नाही जमली तर बघ हं, मी लोकांना सांगेन सुगंधानं वाट लावली माझी."

आणि त्याच सकाळी शकुच्या मुलाचे दोन्ही गाल सुजले. गालफुगी.

"कोणालाही ने गं," शकु दारातूनच रडवेल्या आवाजात म्हणाली, "शुभाला ने की!"

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांना माझ्या सर्टिफिकेटचं काय वाटायचं देव जाणे, पण माझं तोंड बघून त्या उठल्या. शुभाला समोर उभं केलं, जुन्या लुगड्याची एक चिंधी फाडली आणि तिच्या डाव्या मनगटाला गाठ मारून बांधली.

"ही दिसली की काय करूचा?"

"हात बदलायचा," शुभा म्हणाली.

"शाणी माजी." मग मला म्हणाल्या, "जा घेवन."

निघताना मी नव्या ब्रशबरोबर जुनाही पिशवीत टाकला. पहिला फटकारा तिचा असायचा, आणि परीक्षेच्या दिवशी तरी तो तिच्याच ब्रशनं द्यावा असं वाटलं.

सकाळचं काम चांगलं झालं. कंपनीच्या नीला मॅडम फोर्टहून आल्या होत्या. कापलेले केस, चष्म्याला साखळी, आवाज मऊ पण वाद न घालू देणारा. माझ्या गुलाबावर वाकून त्या म्हणाल्या, "क्लीन." वनमालाबाई दाराशी इतर बायकांत बसल्या होत्या. त्यांनी लांबून मान डोलावली. मला वाटलं, झालं. आता एक पाकळी, आणि माझं नाव.

दुपारी माझी पाळी आली. शुभाला शेजारी बसवलं, समोर कापड ताणलं. पुस्तकात आहे तसं मी आधी सामान समजावलं. हा रंग, हे पाणी, हा ब्रश. तोंडात वनमालाबाईंचंच बोलणं आलं. "आणि बरं का शुभा, ब्रश ज्याचा त्याचा असतो. चप्पल कशी आपल्या पायासारखी झिजते? तसा ब्रश आपल्या हातासारखा झिजतो."

"हो?" शुभा म्हणाली. तिला ते फारच आवडलं.

मी नवा ब्रश पुढे केला. तिचा डावा हात झेपावला, चिंधी दिसली, आणि हात तसाच हवेत थांबला. मग तिनं तो मांडीखाली घातला आणि उजवा पुढे केला. टेकव, दाब, फिरव. गुलाबी रंगाचा एक मोठा गोळा कापडावर बसला आणि पसरायला लागला.

"राहू दे, पुन्हा कर."

पुन्हा गोळा. तिसऱ्यांदाही. शुभाचे डोळे भरून आले. तिनं खालचा ओठ दातांत धरला. रडू आलं तरी आवाज न करण्याची तिची ती सवय मला पाठ होती. चिंधीच्या गाठीखालची कातडी लाल झाली होती.

मी गाठीला हात घातला. सुटेना. दातानं सोडवली.

"मिसेस घाडी," नीला मॅडम म्हणाल्या, "बाळाला उजव्याच हातात ब्रश द्या हं. आपल्या पुस्तकात पद्धत तीच आहे."

"हिचा हात हा आहे, मॅडम."

"असेल. पण मला मार्क तक्त्याप्रमाणे द्यावे लागतात. सकाळचं काम इतकं छान झालंय तुमचं. कशाला घालवताय?"

मी दाराकडे बघितलं. वनमालाबाईंनी नजर खाली वळवली. त्यांना कळलं होतं मी काय करणार ते, आणि त्या मला थांबवतही नव्हत्या, पुढे ढकलतही नव्हत्या. सासूबाई आठवल्या, दाराबाहेर बघून दबकून बोलणाऱ्या. हातावरसून वळखतली. या हॉलमध्ये मालनताईला ओळखणारं एक माणूस तर बसलेलंच होतं. डाव्या हातानं पाकळी काढली की माझं सर्टिफिकेटही जाईल आणि कदाचित त्याहून मोठं काहीतरी. आणि उजव्या हातानं काढायला लावली तर माझी मुलगी जन्मभर एक हात मांडीखाली घेऊन बसेल.

मी पिशवीतून जुना ब्रश काढला.

शेजारून उठून तिच्या समोर बसले, आरशातल्यासारखी. माझ्या उजव्या हातासमोर तिचा डावा. "माझ्याकडे बघ. मी इकडे वळवला की तूही इकडेच. आपण दोघी एकमेकींच्या आरशातल्या बायका. चल."

शुभा खुदकन हसली. मालनताईचा ब्रश तिनं डाव्या हातात घेतला. घेतला म्हणजे काय, तो जाऊन बसलाच तिथे. भरलेला कोपरा बाहेरच्या अंगाला, झिजलेला आतल्या. महिनोन् महिने माझ्याशी भांडलेला तो ब्रश तिच्या तीन बोटांत मांजरासारखा शांत झाला.

टेकव. दाब. फिरव. उचल.

पाकळी उमटली. काठाला गुलाबी, पोटात पांढरी, आणि डावीकडे किंचित कललेली. मागोमाग दुसरी, मग न सांगता तिसरी. मी माझा हात फिरवायचा थांबवला होता, तरी तिचा चालला होता. माझ्या समोर, एका हाताच्या अंतरावर, आमच्या उशीवरचा गुलाब नव्यानं उमलत होता. रंग ओला, ताजा, न विटलेला. ती खाली मान घालून बसलेली लहानगी शुभा होती, मला माहीत होतं. पण हात शुभाचा नव्हता. मी तो हात कधी पाहिला नव्हता आणि तरी ओळखला.

कुठेतरी काचेला काहीतरी लागलं, टिण्. कुणीतरी बाटलीत ब्रश ठेवला असेल.

दाराशी वनमालाबाईंनी पदर तोंडाला लावला होता.

नीला मॅडमनी कापड उचललं, चष्मा वर करून बघितलं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. तक्त्यावर त्यांचं पेन बराच वेळ नुसतंच टेकून होतं.

"पुस्तकात हे कुठे बसवू मी?" त्या माझ्याशी कमी, स्वतःशीच जास्त बोलल्या. "हात चुकीचा. बसायची पद्धत चुकीची." मग शुभाकडे बघितलं. "पण शिकवलंत तुम्ही. मघाशी रडत होती, आता हिला थांबवावं लागेल." त्यांनी तक्ता बाजूला सारला आणि जाड कागद पुढे ओढला. "पूर्ण नाव सांगा."

माझा हात आपोआप गळ्यातल्या टाकावर गेला. आधी तिका. पण ही एक गोष्ट तिला आधी देता येणार नव्हती. मी म्हटलं, "सुगंधा सीताराम घाडी."

पेन कागदावर चालू लागलं. सु, गं. अक्षरं काळी, गोल, भांड्यांवरच्या अक्षरांसारखी टोचरी नव्हती. वनमालाबाई उठून जवळ आल्या होत्या. सगळा हॉल त्या पेनाच्या करकरीपुरता शांत झाला होता.

शुभा ब्रश पाण्यात बुडवून, झटकून, केस दोन बोटांत दाबून उजेडात धरून बघत होती. तसं बघायला तिला मी शिकवलं नव्हतं. तिनं आपला डावा हात त्याच्या शेजारी धरला, ब्रश बघितला, मग हात, मग पुन्हा ब्रश. तिच्या कपाळावर बारीकशी आठी पडली.

"आई," तिनं विचारलं, "तू म्हणालीस ना, ब्रश आपल्याच हातासारखा झिजतो? मी तर आज पहिल्यांदाच धरला. मग हा माझ्या हातासारखा कुणी झिजवला?"